डावीकडची मोकळी जागा

यल्लाप्पा हुंदरेचा गुडघा गेला
असं अजून म्हणतात अनगोळात, चहाच्या गाड्यावर,
पानाला चुना लावावा तसं, सवयीनं.
मी ऐकतो. कप खाली ठेवतो.

गुडघा गेला नव्हता गा.
दोन स्क्रू बसले, टाके निघाले,
सातव्या महिन्यात राजहंसगडाची चढण
न थांबता पळत होता तो.

गेलो आम्ही.

आधी नियाज. चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याला,
बूट आणि दोन वेळचं जेवण देतो म्हटलं एका क्लबानं,
आईला न सांगता, पहिल्या बसनं.
मग बस्त्याव, मामाच्या ओळखीनं बोटीवर.
गोलात इरण्णा असायचा. "बिडो, बिडो!" ओरडायचा,
म्हणजे मागं बघू नका, मी आहे.
त्याला सौंदत्तीला सासऱ्याचं कापडदुकान मिळालं.
आणि मी. उद्यमबागेत, फौंड्रीत, दुसरी शिफ्ट.

मी त्याच्या मागं, जरा उजवीकडं उभा राहायचो.
पेपरात माझं नाव कधी आलं नाही,
यायचं कामही नव्हतं.
सगळं मैदान चेंडू बघतं.
मी येणाऱ्यांचे बूट बघायचो.
कोण त्याच्याकडं निघालाय, कुठल्या पायावर,
आणि मध्ये जाऊन पडायचो.
बस्, एवढंच.

सेमीफायनलच्या दिवशी सुपरवायझर म्हणाला,
आज दांडी मारलास तर उद्या येऊच नकोस.
माझ्या जागी वडगावचा अकरावीतला पोरगा उभा राहिला.
चांगला होता. चेंडू बघत होता.

आवाज म्हणे स्कूटर लावतात तिथपर्यंत ऐकू आला.
माझ्या हातात त्या वेळी लॅडल होतं,
पातळ लोखंडानं काठोकाठ.
मान वळवता येत नाही तेव्हा.

परत आला तेव्हा मी मॅच बघायला गेलो,
भिंतीवर बसून, डबा मांडीवर.
मान वर न करता त्यानं चेंडू घेतला, वळला,
आणि डावीकडं सोडला.
तोच पास. तसाच दोघांच्या मधनं, किंचित वाकून,
नियाज जिथं पोचायचा बरोब्बर तिथं.
तिथं गवत होतं. चुन्याची रेघ.
एक कुत्रं उठून बाजूला झालं.

"गुडघा गेला रे," माझ्या शेजारचा म्हणाला.

तीनदा झालं असं. चारदा.
पाचव्या वेळी त्यानं चेंडू स्वतःपाशीच ठेवला,
क्षणभर जास्त,
आणि मला कळलं, आता हा म्हातारा झाला.
वय सव्वीस.

आमच्याकडं वाळूत आधी पोकळी करतात.
जिथं काही नाही तिथला आकार
नीट, हातानं, श्वास धरून.
मग ओततात.
ओतणारा आलाच नाही तर
संध्याकाळी तीच वाळू मोडून चाळायची.
त्या वाळूला कुणी म्हणत नाही, हिचं काहीतरी गेलं.

आता तो पाण्याचे मीटर वाचतो.
रविवारी लेले ग्राउंडवर पोरांना खेळवतो,
अर्धी कानडीत, अर्धी मराठीत शिव्या देत.
परवा रात्रपाळी संपवून तसाच गेलो,
कोपरापर्यंत काळा.
इतक्या वर्षांनी, माझ्याकडं न बघता म्हणाला,
बूट?
सेफ्टीचे आहेत.
चालतील.

मागं उभा राहिलो, जरा उजवीकडं.
पोट सुटलंय, धाप लागते.
एक लांबाडा पोरगा त्याच्यावर निघाला, डाव्या पायावर;
मी मध्ये जाऊन पडलो.
पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, अंकल, फाउल.

डावीकडं अजून कुणीच नव्हतं.
तरी त्यानं तिकडंच दिला.